सिंगर १५-९१ वर फ्री मोशन क्विल्टिंग: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

सिंगरच्या १५-९१ या जुन्या शिवणयंत्रावर गेल्या वर्षभरात मी दोन लहान रजया, ५४ इंच रुंदीची एक मोठी रजई आणि सरावाचे पुष्कळ चौकोन फ्री मोशन पद्धतीने क्विल्ट केले. या यंत्राविषयी जे वाचायला मिळते त्यातले बरेचसे त्याच्या काळ्या चकाकीविषयी, सोनेरी नक्षीविषयी आणि जुन्या वस्तूंच्या ओढीविषयी असते. ती ओढ मलाही आहे, पण ती बाजूला ठेवून मी इथे एकाच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून, कापड दोन्ही हातांनी मोकळेपणाने फिरवत, वरचे कापड, भरण आणि अस्तर अशा तीन थरांवर रेघ उमटवायची असेल, तर हे यंत्र त्या कामाला कितपत योग्य आहे? माझ्या अनुभवाप्रमाणे टाका बांधण्यात ते आजच्या कोणत्याही घरगुती यंत्राच्या तोडीचे आहे. मात्र टाका कुठे आणि किती अंतरावर पडावा यासाठी ते तसूभरही मदत करत नाही. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

सिंगरच्या १५ क्रमांकाच्या वर्गाची मूळ रचना एकोणिसाव्या शतकातली असून त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १५-८८ पायाने चालते, १५-९० ला बाहेरून मोटर आणि पट्टा असतो, तर १५-९१ मध्ये मोटर यंत्राच्या मागे, चाकाजवळ, अंगातच बसवलेली असून ती गिअरने थेट मुख्य दांडा फिरवते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये याच रचनेच्या असंख्य प्रतिकृती तयार झाल्या, त्यामुळे खाली लिहिलेले पुष्कळसे त्या यंत्रांनाही लागू पडते. पट्टा नसल्याचा फायदा जाड शिवणींवर लगेच कळतो. चार तुकड्यांचे जोड एकत्र येतात तिथे कापड, शिवणीची दुमड आणि भरण मिळून चांगलाच उंचवटा होतो, आणि तिथे पट्ट्याचे यंत्र कधी कधी कुंथते. हे यंत्र त्याच आवाजात, त्याच गतीने पुढे जाते. ओतीव लोखंडाचे वजन असल्यामुळे टेबल डगमगत नाही, आणि लहान वळणे घेताना ही स्थिरता फार उपयोगी पडते.

आता या यंत्राच्या खऱ्या गुणाकडे वळते, आणि तो गुण म्हणजे सुईखालच्या प्लेटवरचे एक बारीक गोल छिद्र. १५-९१ फक्त सरळ टाका घालते. झिगझॅग त्याला येत नाही, म्हणून सुईला डावीकडे-उजवीकडे जायला आडवी फट ठेवण्याची गरज पडलेली नाही. फ्री मोशनमध्ये याचा परिणाम काय होतो हे समजून घेण्यासाठी टाका कसा बनतो ते पाहावे लागते. सुई खाली जाऊन जरा वर येऊ लागली की दोऱ्याला मागच्या बाजूने एक छोटा फुगवटा येतो, आणि प्लेटखालच्या हुकचे टोक तो फुगवटा पकडून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते. हा फुगवटा तयार होण्यासाठी त्या क्षणी कापड प्लेटला टेकून राहिले पाहिजे. ते सुईबरोबर वर उचलले गेले, तर दोराही त्याच्याबरोबर वर जातो, फुगवटा बनत नाही आणि टाका सुटतो. नेहमीच्या शिवणकामात फूट कापडाला सतत दाबून ठेवते, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. फ्री मोशनमध्ये मात्र कापड सरकण्यासाठी फुटाचा दाब काढून घेतलेला असतो, आणि मऊ, फुगीर भरण सुईला चिकटून वर यायला तयारच असते. अशा वेळी छिद्र जितके लहान, तितका कापडाला सुईच्या अगदी जवळून आधार मिळतो. वर्षभरात माझे टाके क्वचितच सुटले, आणि जे सुटले त्यातले बहुतेक बोथट सुईमुळे सुटले होते.

आणखी एक फायदा असा की सुई कापडात असताना हात हलला, आणि सुरुवातीला तो हलतोच, तर सुई वाकते. वाकलेली सुई हुकपासून दूर गेली तर टाका सुटतो, आणि प्लेटवर आपटली तर मोडते. लहान छिद्र सुईला फार वाकू देत नाही. त्याची किंमत अशी की घाईने ओढले तर सुई छिद्राच्या काठावर घासते आणि तिथे बारीक ओरखडा पडतो, जो पुढे दोरा तोडत राहतो. मी हा ओरखडा एकदा अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून काढला. नव्या झिगझॅग यंत्रांनाही सरळ टाक्याची वेगळी प्लेट मिळते आणि ती लावली तर हा सगळा लाभ त्यांनाही मिळतो, हे इथे सांगायलाच हवे. जुन्या यंत्राच्या अंगी त्यात गूढ असे काही नाही.

दाते खाली करण्याची सोय या यंत्रात मुळातच आहे. डोके मागे कलवले की खालच्या बाजूला हाताने फिरवायचा एक स्क्रू दिसतो, आणि तो सैल करून दाते प्लेटच्या खाली नेता येतात. ही सोय रजईसाठी ठेवलेली नव्हती, ती रफू आणि भरतकामासाठी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगरने घरगुती यंत्रावर भरतकाम शिकवणाऱ्या पुस्तिका काढल्या होत्या आणि त्यांतली पद्धत हीच होती: दात्यांचे काम थांबवायचे, फूट काढायचे, कापड रिंगमध्ये ताणायचे आणि हाताने फिरवायचे. आपण आज ज्याला फ्री मोशन म्हणतो, ती म्हणजे रिंगमधून बाहेर पडून रजईवर आलेली हीच जुनी कला, असे मला वाटते. माझ्या यंत्रातला तो स्क्रू कित्येक वर्षे कोणी फिरवलेला नसावा, कारण तो घट्ट बसला होता. जोर न लावता त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबल्यावर तो सुटला. दाते खाली केल्यावर टाक्याच्या लांबीची कळ शून्यावर आणून ठेवावी, म्हणजे ते उगीच पुढे-मागे हलत राहत नाहीत.

फुटाच्या बाबतीत मला जास्त धडपड करावी लागली. या यंत्राला कमी उंचीच्या दांड्याचे, म्हणजे लो शँक प्रकारचे, स्प्रिंगचे रफूचे फूट लागते. त्याची आडवी दांडी सुईच्या स्क्रूवर टेकते, आणि सुई वर गेली की फूटही वर उचलले जाऊन कापड मोकळे होते, तर सुई खाली आली की तेही खाली येऊन कापड धरते. मी घेतलेल्या पहिल्या फुटाची दांडी आखूड होती आणि जुन्या यंत्राच्या गोल, जाड स्क्रूवरून ती सारखी घसरत असे. दुसऱ्या फुटाने काम केले, पण त्याचे प्लॅस्टिकचे वर्तुळ बंद असल्यामुळे आधी शिवलेली रेघ नीट दिसत नव्हती, आणि फ्री मोशनमध्ये पुढे कुठे जायचे हे मागची रेघ पाहूनच ठरते. शेवटी समोरून उघडे असलेले धातूचे फूट आणले आणि मग काम मार्गी लागले. या यंत्रासाठी काहीही विकत घेताना आधी फुटाचा दांडा आणि सुईचा स्क्रू यांची जोडी जमते का ते पाहावे. फुटाच्या दांड्यावरचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू यंत्राच्या डाव्या बाजूला वर असतो, आणि जाड भरणासाठी तो बराच सैल करावा लागतो.

या फुटाची एक सवय लावून घ्यावी लागते. ते खाली असतानाही कापडापासून किंचित वर तरंगते, त्यामुळे फूट खाली करायची कळ दाबायची राहून गेली तरी ते डोळ्यांना कळत नाही. कळ वर असली की ताणाच्या चकत्या उघड्या राहतात, वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही, आणि अस्तराखाली दोऱ्याचे जाळे तयार होते. माझ्या पहिल्या रजईचा एक कोपरा मी याच चुकीमुळे पूर्ण उसवला.

ताणाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण जुन्या यंत्राविषयीच्या बहुतेक तक्रारी याच ठिकाणी निघतात आणि त्यातल्या निम्म्या यंत्राच्या नसतात. १५-९१ ची ताणाची चकती डाव्या तोंडावर असते आणि तिच्यावर शून्य ते नऊ असे आकडे असतात. बॉबिन केसवरही एक बारीक स्क्रू असतो, पण तो हलवण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली आणि तेव्हाही पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवून काम भागले. वरखाली एकाच जाडीचा, ५० नंबरचा सुती दोरा आणि ९०/१४ ची टॉपस्टिच सुई या जोडीवर मला सर्वांत चांगला टाका मिळाला. त्या सुईचे नेढे मोठे असते, त्यामुळे दोरा कमी घासतो. यंत्राला आजही सर्वत्र मिळणाऱ्या घरगुती सुया चालतात आणि त्याची १५ क्रमांकाची बॉबिनही सहज मिळते, हा या जुन्या यंत्राचा मोठाच व्यावहारिक गुण आहे.

सरळ रेघेत ताण बरोबर दिसतो आणि वळणावर आला की अस्तराच्या बाजूला दोऱ्याचे बारीक केस, पापण्यांसारखे, उभे राहिलेले दिसतात. पहिल्यांदा हे पाहिल्यावर मी वरचा ताण वाढवत गेले आणि दोरा तुटायला लागला. कारण निराळे होते. वळणावर हात नकळत जोरात फिरतो, यंत्राची गती तेवढीच राहते, टाका लांबतो आणि खालचा दोरा वळण सोडून आतल्या बाजूने सरळ ताणला जातो. फ्री मोशनमध्ये टाक्याची लांबी ठरवणारे यंत्रात काहीच उरलेले नसते. ती यंत्राची गती आणि हाताची गती यांच्या मेळातून ठरते. एक साधा हिशोब माझ्या फार उपयोगी पडला. एका इंचात दहा टाके हवे असतील आणि यंत्र मिनिटाला सहाशे टाके घालत असेल, तर हात मिनिटाला साठ इंच, म्हणजे सेकंदाला बरोबर एक इंच, सरकला पाहिजे. टेबलावर पट्टी ठेवून, यंत्र बंद असताना, सेकंदाला एक इंच हा वेग हाताला शिकवला तेव्हा कळले की मी वळणांवर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जात होते. नव्या यंत्रांपैकी काहींना टाका समान ठेवणारे नियंत्रण असते, ते कापडाची हालचाल ओळखून सुईची गती बदलते. इथे ते काम पूर्णपणे आपल्याकडे येते, आणि ज्यांना ते नकोसे वाटते त्यांच्यासाठी हे यंत्र योग्य नाही.

गतीवरच्या नियंत्रणात मात्र मूळचा पायडल कमी पडतो. जुन्या पायडलमध्ये बहुधा कार्बनच्या चकत्या असतात आणि त्यांवर दाब वाढत गेला की मोटरला जास्त वीज मिळते. व्यवहारात असे होते की थोडा वेळ काहीच घडत नाही आणि मग यंत्र एकदम उडी घेते. सरळ शिवणीत ही उडी खपते, पण पिसाच्या नक्षीच्या टोकावर ती सरळ दिसून येते. मी वेगळा इलेक्ट्रॉनिक पायडल लावून घेतला आणि त्या एका बदलाने कामाचा दर्जा जितका सुधारला तितका दुसऱ्या कशानेही सुधारला नाही. जुन्या कपाटांमध्ये गुडघ्याने चालवायची दांडीही असते. तिच्यावर मला सूक्ष्म नियंत्रण अधिक चांगले मिळाले, पण तासाभराने मांडी भरून येत असे. सुई थांबताना खाली राहावी अशी सोय यात नाही, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर उजवा हात रजईवरून काढून चाक फिरवावे लागते, आणि पुन्हा सुरू करताना रेघेत बारीक खोच पडण्याचा धोका असतो. यावर उपाय एवढाच की नक्षीचे टोक किंवा दोन रेषा मिळण्याची जागा पाहूनच थांबावे. पायाने चालणारे १५-८८ मी एका मैत्रिणीकडे काही दिवस वापरून पाहिले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर फ्री मोशनसाठी मला त्याची लय अधिक आवडली: पाय आणि हात एकाच तालात येतात आणि उडी हा प्रकारच नसतो. हाताने चाक फिरवायच्या यंत्राचा मात्र या कामाला उपयोग नाही, कारण रजई फिरवायला दोन्ही हात मोकळे हवेत.

या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा जागेची आहे. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत सुमारे ८ इंच मिळतात. ५४ इंच रुंदीच्या रजईच्या मधोमध काम करताना उजवीकडचा २७ इंचांचा भाग गुंडाळून त्या ८ इंचांत बसवावा लागतो, आणि त्यातच हात फिरवायला जागा शिल्लक ठेवावी लागते. पातळ सुती भरण घेतले तर हे जमते. फुगीर पॉलिएस्टरचे भरण घेऊन मी एकदा प्रयत्न केला आणि गुंडाळी खांबाला अडकून प्रत्येक वळण चपटे झाले. मध्यापासून सुरुवात करून बाहेर जाणे, मोठ्या वर्तुळांऐवजी हाताच्या एका टप्प्यात मावणाऱ्या नक्षी निवडणे, आणि रजईचे वजन टेबलाखाली लोंबू न देणे, या तीन गोष्टी पाळल्या तरच या जागेत समाधानाने काम होते. वजनाच्या बाबतीत जुने कपाट उपयोगी पडते. त्यात यंत्र बुडवून बसवलेले असल्यामुळे प्लेट आणि टेबल एका पातळीत येतात आणि रजई पाण्यावर सरकावी तशी सरकते. सुट्या लाकडी पेटीवरचे यंत्र वापरत असाल, तर त्याच्या उंचीचे टेबल आधी तयार करा आणि मगच क्विल्टिंगला बसा. उंचवट्यावरून घसरणारी रजई सुईला सारखी ओढत राहते आणि मग आपण यंत्राला दोष देतो. बॉबिन केस डावीकडे खालच्या बाजूला असल्यामुळे बॉबिन संपत आल्याचे दिसत नाही आणि ती बदलताना रजई बाजूला करावी लागते. मी मोठी नक्षी सुरू करण्यापूर्वी अर्धी झालेली बॉबिन सरळ काढून ठेवते.

खरेदी करणाऱ्याने सर्वांत आधी वायर पाहावी, रंग आणि नक्षी नंतर. इतक्या वर्षांत वायरींवरचे आवरण कडक होऊन तडकते, आणि १५-९१ मध्ये मोटर अंगातच असल्यामुळे हा भाग बाहेरून नीट दिसत नाही. मला यंत्र विकणाऱ्याने ते चालू करून दाखवले होते आणि ते चाललेही, पण आतली एक वायर उघडी होती हे जाणकाराने उघडल्यावरच कळले. वायर बदलून घेतल्याशिवाय हे यंत्र तासन्‌तास चालवू नये. मोटरच्या पाटीवर ११० ते १२० व्होल्ट लिहिलेले असेल आणि घरातली वीज २२० ते २४० व्होल्टची असेल, तर योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. यंत्राच्या छिद्रांमध्ये शिवणयंत्राचे तेल घालायचे, पण या मोटरला तेल घालायचे नसते. तिला ग्रीसच्या छोट्या नळ्या असतात आणि त्यांत मऊ, वितळून पाझरणारे ग्रीसच भरायचे. फ्री मोशनमध्ये यंत्र नेहमीपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक वेळ चालते आणि सुती भरणाचा भुगा हुकभोवती झपाट्याने साचतो, म्हणून मी दर दोन-तीन बॉबिननंतर ब्रशने झाडते आणि हुकच्या कडेला एक थेंब तेल सोडते. झाडल्यानंतर यंत्राचा आवाज बदललेला ऐकू येतो.

सिंगरच्याच इतर जुन्या यंत्रांशी तुलना करायची तर २०१ हे याहून शांत आहे. १५ चे हुक अर्धा फेरा पुढे आणि अर्धा मागे असे हेलकावते, २०१ चे पूर्ण गोल फिरते, आणि हा फरक वेगात हाताला जाणवतो. पैसे आणि संधी दोन्ही असतील तर मी २०१ घेईन. ६६, ९९ आणि वजनाला हलके म्हणून लोकप्रिय असलेले २२१ यांचे दाते खाली जात नाहीत, त्यांवर झाकणाची प्लेट बसवावी लागते, आणि ९९ व २२१ मध्ये जागाही बरीच कमी मिळते. लहान चौकोनांपलीकडे त्यांच्यावर फ्री मोशन करण्याचा सल्ला मी देणार नाही.

यंत्राने क्विल्ट केलेले काम हाताच्या टाक्यांपेक्षा कमी दर्जाचे मानण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या पडुका येथील प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या यंत्राने क्विल्ट केलेल्या रजईला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि तशा रजईला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. माझ्या मोठ्या रजईच्या अस्तराकडची बाजू मी मुद्दाम एकरंगी ठेवली होती, म्हणजे टाक्यांना लपायला जागा राहू नये. तिथे हाताच्या चुका सगळ्या दिसतात. कुठे टाका लांब आहे, कुठे पिसाचे टोक बोथट आहे, पण दोन दोऱ्यांची गाठ प्रत्येक ठिकाणी थरांच्या मधोमध बसलेली आहे, आणि त्या कामासाठीच मी हे यंत्र घेतले होते.

पुढची रजई ७२ इंचांची आहे. ती एकसंध घेऊन मी या ८ इंचांत शिरणार नाही. २४ इंचांच्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या क्विल्ट करून नंतर जोडायच्या असे ठरवले आहे, आणि पहिल्या पट्टीचे तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी जोडून तयार आहेत.